जास्वंदीसाठी उमेदवार

जास्वंदीला फूल आलं. टपोरं, लालभडक, दृष्ट लागावी असं. आता हे विसरून जा, कारण भरतीसाहेबांना ते अजून माहीत नाही.

भरतीसाहेब हे बायकोने ठेवलेलं नाव. कंपनीत माणसं निवडून घेणं हे त्यांचं काम. लग्न झाल्यापासून त्यांना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या हातून निवडुंगसुद्धा सुकला होता, हे बायको विसरायला तयार नव्हती. या वेळी प्रशिक्षणाला परगावी निघताना तिने गॅलरीतल्या जास्वंदीची एकुलती एक कळी दाखवली.

"मी रविवारी येते. ही फुललेली दिसली तर कुत्रा, नाहीतर विषय बंद. हिला भरपूर ऊन लागतं. आणि कुंडी ओकीबोकी दिसते, सोबतीला काहीतरी लाव. नीट निवड."

"निवडणं माझ्यावर सोड," साहेब म्हणाले. तिथेच माशी शिंकली.

रोपवाटिकेत माळ्याने विचारलं, ऊन किती येतं? साहेबांना हा प्रश्न फार वरवरचा वाटला. ते एकेका रोपासमोर उभे राहून स्वभाव जोखू लागले. सूर्यफूल घेतलं, कारण नजर उंचावर. पुदिना घेतला, कारण न सांगता पुढे सरकतो. मग सावलीत वाढणाऱ्या नेच्यापाशी थबकले.

"हा मनमिळाऊ आहे का?"

"अजून तरी कुणाला चावला नाही," माळी म्हणाला.

नेचाही रुजू झाला. घरी पुदिना जास्वंदीच्या कुंडीत लागला, बाकी दोघे शेजारी आपापल्या कुंडीत.

शुक्रवारी लक्षात आलं, की पुरुषभर उंचीचं सूर्यफूल कठड्याशी उभं राहून सगळं ऊन एकटंच खातंय आणि जास्वंद त्याच्या सावलीत मान टाकून बसली आहे. सूर्यफूल कोपऱ्यात गेलं. आता ऊन थेट नेच्यावर आलं आणि दुपारपर्यंत त्याचा पापड झाला. त्याला काढून टाकावं, तर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी त्याच्यावर छत्री बांधली. छत्रीची सावली जास्वंदीवर पडली. तेवढ्यात पुदिना जास्वंदीच्या कुंडीत हातपाय पसरून तिचं पाणी पिऊ लागला होता. कळीचा देठ पिवळा पडला.

शनिवारी सकाळी त्यांनी बायकोच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा ओढत गॅलरीत आणला आणि ऊन वळवून कळीवर पाडायचा घाट घातला. आरसा तिरका झाला. उन्हाची तिरीप कळी सोडून शेजारच्या गॅलरीत गेली आणि पेपर वाचणाऱ्या काकांच्या टकलावर स्थिरावली.

काकांनी पेपर डोक्यावर धरला. काकू आल्या.

त्यांनी छत्री पाहिली, आरसा पाहिला, मग साहेबांकडे पाहिलं.

"घरी एकटाच आहेस ना?"

साहेबांनी निवडुंगापासून कुत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. काकूंनी वाद घातला नाही. पुदिना उपटून चटणीला घेतला आणि जास्वंदीची कुंडी उचलून स्वतःच्या गॅलरीत, काकांच्या खुर्चीशेजारी ठेवली. साहेबही मागोमाग निघाले, तर दारातच अडवलं.

"मी झाडं ठेवते. माणूस एक आहे, तेवढा पुरे."

रात्रभर साहेब कठड्यावरून वाकून पाहत होते. रविवारी बायको आली तेव्हा कळी पूर्ण उमलली होती. पलीकडे.

बायकोनेही कठड्यावरून वाकून पाहिलं. "फुललीय तर खरी," ते हळूच म्हणाले.

"फुललीय," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. कुत्रा आणू."

साहेबांचे डोळे भरून आले.

"काकूंशी बोलते मी. तिकडे राहील तो."

त्याच संध्याकाळी काकूंच्या दाराखालून एक कागद आत सरकला. 'विषय: सोबती म्हणून नेमणूक होणेबाबत. अर्जदारास जास्वंद व नियोजित कुत्रा यांच्या सहवासात रोज अर्धा तास आपल्या गॅलरीत उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. अर्जदार पाणी मागणार नाही व सावली पाडणार नाही.'