बिनपक्षाचा रंग

तपासणीच्या साहेबांना कसं हाताळायचं हे अख्ख्या अल्लीपुरात फक्त मलाच कळतं, असं मी गेल्या आठवड्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो!

आमचं रुग्णसेवा मंडळ आजाऱ्यांना कॉट, वॉकर फुकट वापरायला देतं. मी सचिव. आयकराच्या तपासणीची नोटीस आली आणि माझी झोप उडाली. करसवलत गेली की देणगीदार आटणार, मंडळ बंद पडणार आणि मांडी मोडून आमच्या कॉटवर पडलेल्या मीराबाई जमिनीवर येणार!

"आपल्यालेच काऊन?" खजिनदार गजेंद्रनं विचारलं. त्याचं रंगाचं दुकान आहे.

"सत्तावाल्यायच्या सभेले आपण सतरंज्या नाई देल्ल्या, म्हणून! समोरच्या प्रभाकररावाच्या मंडळाले येते का नोटीस? ते सत्तेतले न!"

आमच्याकडे दान दिलं की वस्तूवर दात्याचं नाव घालायचंच, आणि नाव वाचलं की त्याचा पक्ष कळतोच. मी ठरवलं, सगळं रंगवून टाकायचं!

"भगवा देऊ?"

"पागल झाला का बे!"

"हिरवा? निळा? लाल?"

"सगळे पक्षायचेच!"

शेवटी उरला वांगी. तो पक्ष अजून कोणी काढला नव्हता. मीराबाई हलेनात, म्हणून त्यांना वगळून कॉट रंगवली.

"मले बी रंगवून राह्यला का रे बाप्पा!" त्या ओरडल्या.

साहेब आले ते थेट बाकाकडे!

"बसू नका, साहेब! ओला आहे!"

"माहीत आहे," म्हणत साहेब पाठमोरे झाले. पँट मागून आधीच वांगी! "आत्ता प्रभाकररावांकडूनच येतोय. तेही म्हणत होते, आमच्याच मागे का लागता! अहो, नावं संगणक काढतो. त्याला रंग दिसत नाही."

मी आमच्या रंगवाल्या खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदार छताकडे पाहू लागला.

"तुमचे हिशोब चोख आहेत," साहेब म्हणाले. "दानाच्या वस्तूंवरची नावं तेवढी जुळवतो, की सवलत कायम. कुठंयत नावं?"

साहेबांनी दोन्ही मंडळांना सोमवारपर्यंत मुदत दिली. मग मी आणि प्रभाकरराव शेजारी बसून रंग खरवडत राहिलो. पॉलिश पेपर अर्थात गजेंद्रच्याच दुकानातला!

नावं निघाली, सवलत वाचली, मीराबाईंची कॉट राहिली. पण आम्हा दोघांना वांगी हातांनी एकत्र चहा पिताना गावानं पाहिलं होतं. काल मीराबाईंची चौकशी करायला गेलो, तर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"तुमच्या नव्या पक्षात माह्या तिकिटाचं पाहून ठेवजो, भाऊ!"