मेणकापडाचा कारखाना

घरातलं प्लास्टिक कसं हद्दपार करायचं, हे कुणाला शिकायचं असेल तर सरळ माझ्याकडे या! असं मी परवापरवापर्यंत ऑफिसात छाती फुगवून सांगत होतो.

आमच्याकडे कापडी पिशव्या आल्या, काचेच्या बरण्या आल्या. उरली होती फक्त भांड्यांवर ताणून लावायची ती पातळ प्लास्टिकची गुंडाळी. तिला पर्याय म्हणजे मेणकापड! सुती कापडावर मधमाश्यांचं मेण किसायचं, वरून गरम इस्त्री फिरवायची, की मेण कापडात मुरतं. मग वाटीवर दाबून बसवा, धुऊन धुऊन वापरा. मी तर हरखूनच गेलो!

सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी कारखानाच थाटला. उशांचे जुने अभ्रे कापले, मेण किसलं, इस्त्री तापवली.

"मध्ये कागद ठेवायचा असतो म्हणे, जावईबापू," मुक्कामाला आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आई, कागद म्हणजे झाडं! पर्यावरणासाठी करतोय ना आपण?"

इस्त्री तर साबण सांडलेल्या फरशीवरून मी घसरतो तशी सुळकन पळत होती! संध्याकाळपर्यंत इतकी मेणकापडं झाली की वाट्या संपल्या. मग मी बादलीलाही एक बसवलं.

दुसऱ्या दिवशी बायकोची मुलाखत होती. ती वाचनालयात नोकरीला आहे. मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी झाली होती आणि त्या खुर्चीकडे ती कित्येक वर्षं डोळे लावून बसली होती. सकाळी तिने पांढराशुभ्र शर्ट काढला, इस्त्री तापवली आणि...

"अहोऽऽऽ!"

मी धावलो. शर्टाच्या छातीवर पिवळट, तेलकट नकाशा उमटला होता.

"हे काय आहे?"

"मेण," मी म्हणालो. "अगदी शुद्ध."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाई पुढे झाल्या. "रडू नकोस गं. कागद ठेवून वरून इस्त्री फिरवली की कागद मेण ओढून घेतो."

कागद! हाताला लागलं ते आजचं वर्तमानपत्र. मी ते शर्टाच्या खाली घातलं, वर घातलं आणि सगळा जोर लावून इस्त्री दाबली. काय सांगू, मेण खरंच निघालं!

"बघ! गेलं की नाही?" मी ओरडलो आणि शर्ट उलटा केला.

पाठीवर ठसठशीत काळ्या अक्षरांत एक जाहिरात छापली गेली होती. अक्षरं सगळी उलटी.

सासूबाईंनी चष्मा वरखाली केला. "काही वाचता येत नाही बाई."

"म्हणजे तिथेही कुणाला येणार नाही!" मी उत्साहाने म्हणालो.

बाकीचे शर्ट चुरगळलेले, इस्त्री मेणाने माखलेली, बस यायच्या बेतात. "फक्त कुणाला पाठ दाखवू नकोस," मी सल्ला दिला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वितळायचा बाकी राहिलो!

दिवसभर ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"उत्तरं छान दिली. मग उठले, आभार मानले आणि मागे मागे चालत दाराकडे निघाले. तर वाचनालयाचे अध्यक्ष माझ्या मागे बघून मोठ्याने वाचायला लागले. 'सागवानी कपाट विकणे आहे. त्वरित भेटा!'"

"पण अक्षरं उलटी होती ना!"

"मागच्या भिंतीवर आरसा होता!"



"मग गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय! सांगितलं ठोकून, आमच्या घरी कागद वाया घालवत नाहीत, जाहिरातही कपड्यावरच छापतात. सगळे खूश! म्हणाले, असंच माणूस हवं आम्हाला. आई, जागा मिळाली मला!"

मी टुणकन उडीच मारली! सासूबाईंनी लेकीला मिठी मारली. माझ्यामुळे, केवळ माझ्या मेणामुळे!

"थांबा," बायको म्हणाली. "अध्यक्षांना कपाट पसंत आहे. रविवारी टेम्पो घेऊन येताहेत."

"अगं, पण आपण कुठे कपाट विकतोय?"

"विकतोय," ती शांतपणे म्हणाली.

घरात सागवानी कपाट एकच, माझ्या आजोबांचं होतं हो ते! रविवारी गेलं. संध्याकाळी बायकोने त्या जागी नवं आणलं. उचलायला हलकं, पुसायला सोपं, आणि मेणाचा डागही पडत नाही म्हणे.

प्लास्टिकचं आहे.