उघड्या फळ्यांसमोरचे आप्पा

स्वयंपाकघरातल्या उघड्या फळ्यांवरचा पसारा कसा झाकायचा, हा प्रश्न अखेर कायमचा निकाली निघाला आणि त्यासाठी आप्पांना फळ्यांसमोर उभं करण्यात आलं. मात्र असं काहीही घडलेलं नाही, असं घरच्या मंडळींचं म्हणणं आहे. आप्पा तिथे आपल्या खुशीनं उभे असतात, आधीपासूनच उभे असत, आणि फळ्यांवर पसारा असा कधी नव्हताच. घरच्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं आपल्याला काही कारण नाही. तेव्हा आप्पा अजून खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून चहा पीत आहेत, असं धरून सुरुवात करू.

आप्पा शहराच्या आच्छादन विभागातून निवृत्त झालेले. हा विभाग फारसा कुणाला माहीत नसतो आणि त्यातच त्याचं यश आहे. बडा पाहुणा शहरात यायचा असला की त्याच्या वाटेवर जे जे दिसू नये, ते ते या विभागानं झाकायचं. फुटकं गटार असेल तर हिरवं कापड, पडकी भिंत असेल तर फलक, कचऱ्याचा ढीग असेल तर कुंड्यांची रांग. पाहुण्याची गाडी वळली की कापड, फलक आणि कुंड्या पुन्हा भांडारात जमा, आणि गटार, भिंत व ढीग पुन्हा नागरिकांच्या ताब्यात. आप्पांनी अख्खी नोकरी यात काढली आणि एकाही पाहुण्याला शहराची ओळख होऊ दिली नाही. त्यांचा निरोपसमारंभसुद्धा तडा गेलेल्या भिंतीसमोर झाला. भिंतीवर आप्पांचाच मोठा फोटो लावून तडा झाकला होता. आप्पांना ते भाषणांपेक्षा जास्त आवडलं.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला आले. घर बेताचं, पण आप्पांना स्वतंत्र खोली होती. खोली म्हणजे एक पलंग, एक रेडिओ आणि दोघांनाही कुणाची नजर न लागू देणारा एक दरवाजा. आप्पा त्या दरवाजावर खूश होते. दार लोटून घेतलं की जगात फक्त आप्पा आणि रेडिओ.

सगळं सुरळीत चाललं असताना सूनबाईंनी स्वयंपाकघराचं नूतनीकरण काढलं. त्यासाठी घरं मोकळी करून देणाऱ्या एक सल्लागार बाई आल्या. कपाटांकडे त्यांनी डॉक्टर एक्स-रेकडे बघतो तसं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं स्वयंपाकघर गुदमरतंय." दुसऱ्या दिवशी सुतार येऊन कपाटांची सगळी दारं काढून घेऊन गेला. दारं बसवायला पडले होते त्याहून जास्त पैसे ती काढायला पडले, कारण बसवणं ही कारागिरी असते आणि काढणं ही दृष्टी.

सल्लागार बाईंनी दाखवलेल्या चित्रात प्रत्येक फळीवर एकेक पांढरा वाडगा होता. एका कोपऱ्यात एक रोप होतं, आणि कुणी कधी न उघडलेलं एक पुस्तक तिरकं उभं होतं. चित्रातलं कुटुंब बहुधा जेवतच नसावं. सूनबाईंच्या फळ्यांवर मात्र झाकणं नसलेले डबे होते, डबे नसलेली झाकणं होती, पिशव्यांनी ठासून भरलेली पिशवी होती. कुकरच्या जुन्या रिंगा होत्या, त्या 'कधीतरी लागतील' या कलमाखाली राखून ठेवलेल्या. मुदत संपलेली औषधं होती, ती संपलेली नसल्यामुळे ठेवलेली. कान तुटलेल्या कपात न चालणारी पेनं होती. दारं होती तेव्हा हा सगळा संसार होता. दारं गेली आणि एका रात्रीत त्याचा पसारा झाला. यातलं काही टाकून द्यावं, असं चिरंजीव एकदा बोलून गेले. त्यानंतर घरात दोन दिवस कोणी त्यांच्याशी बोललं नाही. या एका गोष्टीत आप्पा आणि सूनबाई यांचं पूर्ण एकमत होतं.

सूनबाईंच्या मैत्रिणींचं एक मंडळ होतं. सगळ्याजणींनी पाठोपाठ दारं काढून घेतली होती आणि त्या पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी जाऊन मोकळेपणा बघून येत. पुढची पाळी सूनबाईंची होती. त्यांनी रात्रीच्या जेवणात विषय काढला, तोही बाजूबाजूनं. पसारा कुठेतरी हलवायला हवा. घरात जागा कुठेच नाही. एक आप्पांची खोली तेवढी आहे. आप्पांना हॉलमधला सोफा खरं तर जास्त सोयीचा पडेल, पंखा तिथलाच चांगला.

"अगदी तात्पुरतं हं, आप्पा," सूनबाई म्हणाल्या.

तात्पुरतं म्हणजे काय, हे त्या घरातच काय, त्या शहरात आप्पांइतकं कुणाला कळत नव्हतं. शहरात एक तात्पुरता पूल होता, तो आप्पांच्या जन्माआधीपासून तात्पुरता होता. एक तात्पुरती वसाहत होती, तिथे नातवंडांची लग्नं लागली होती. सोफ्यावर तात्पुरता गेलेला माणूस पुन्हा पलंगावर आल्याचं एकही उदाहरण त्यांच्या आठवणीत नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, की पसारा हलवायची काही गरज नाही. तो आहे तिथेच झाकला जाईल. स्वस्तात, तात्पुरता, आणि विभागीय पद्धतीनं. जमलं नाही तर खोली तुमची.

पहिला उपाय अर्थातच कापड. आप्पांनी सुतळी बांधली, तिच्यावर जुनी चादर टाकली आणि कपडे वाळवायचे चिमटे लावले. काम देखणं झालं. सूनबाईंनी खात्री करून घ्यायला सल्लागार बाईंना फोन लावून चादर दाखवली. बाई म्हणाल्या, "कापड म्हणजे घाबरलेलं दार असतं." चादर उतरली.

मग कुंड्या. आप्पांनी जिन्यातल्या कुंड्या तात्पुरत्या उचलून फळ्यांसमोर मांडल्या. दोन दिवस स्वयंपाकघर वनखात्याच्या अखत्यारीत असल्यासारखं दिसत होतं. मीठ हवं असलं तर चिरंजीवांना रबरी झाडाच्या पानांतून हात घालावा लागे, आणि हातात मीठ येईलच याची शाश्वती नसे. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे चेअरमन आले, आपल्या कुंड्या उचलून घेऊन गेले आणि जाताना फळ्यांकडे असं बघून गेले, की सूनबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या.

फलकाचा उपाय आप्पांचा हातखंडा. त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'काम प्रगतिपथावर. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' हा फलक त्यांनी एका चौकात नऊ वर्षं चालवून दाखवला होता आणि तिथे काम कसलं आहे असं एकाही नागरिकानं विचारलं नव्हतं. सूनबाईंनी मात्र पहिल्याच मिनिटाला विचारलं. हा नागरिक आणि सूनबाई यांच्यातला फरक आप्पांनी नोकरीत असताना कधी विचारात घेतला नव्हता.

मैत्रिणी यायच्या दिवशी शेवटी चादरच पुन्हा लागली. इस्त्री केलेली होती एवढाच काय तो बदल. आणि बेल वाजायला आणि सुतळी सुटायला एकच गाठ पडली. चादर खाली, फळ्या उघड्या, दाराबाहेर हसण्याचे आवाज. सूनबाई आप्पांकडे वळल्या.

"आप्पा, तुमच्या खात्यात कापड कमी पडलं तर काय करायचे हो?"

आप्पांच्या तोंडून उत्तर सवयीनं निघून गेलं. "माणसं उभी करायचो."

ते खरंच होतं. स्टेशनबाहेरचा ढीग कापडात मावत नसे, तेव्हा आप्पा तिथे शाळकरी पोरांची रांग लावत. हातात फुलं, डोक्यावर ऊन, चेहऱ्यावर हसू. हसणाऱ्या माणसाच्या मागे वाकून बघणं कुठल्याही देशात असभ्य समजलं जातं, हा या विभागाचा सर्वात मोठा शोध. पोरांना चक्कर यायची, पण ती बाहेरगावच्या पाहुण्यांना भावनेनं आल्यासारखी वाटायची.

बेल पुन्हा वाजली. सूनबाईंनी आप्पांकडे बघितलं, म्हणजे आधी या खांद्याकडे बघितलं आणि मग त्या. आप्पांना काय होतंय ते कळलं. त्यांनी एकदा आपल्या खोलीच्या दाराकडे नजर टाकली, आणि फळ्यांसमोर जाऊन उभे राहिले. वरच्या फळीसाठी त्यांनी हातात एक मोठा ट्रे उभा धरला. मग विभागीय पद्धतीनं हसले.

कार्यक्रम अतिशय यशस्वी झाला. मैत्रिणींनी कितीही मान वळवली तरी त्यांना आप्पाच दिसले. सगळ्याजणी एकमतानं म्हणाल्या, की किती मोकळं वाटतंय गं, आणि मोठ्यांना स्वयंपाकघरात असं सामावून घेणं आता कुठे बघायला मिळतं. फक्त एक चष्मेवाली मैत्रीण चहाचा कप घेऊन हळूच आप्पांच्या जवळ आली. तिनं त्यांना जाणकाराच्या नजरेनं वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि सूनबाईंच्या कानाशी लागली.

"तुमचे चांगले रुंद आहेत गं. आमच्या सासूबाई अगदीच काटकुळ्या. मधली फळी कशीबशी झाकतात, बाकीच्या उघड्याच."

त्या रात्री आप्पांना चहा नेहमीसारखा बशीतून नाही, कपातून मिळाला. खोली वाचली होती. आप्पांनी दार लोटून घेतलं, पाय चोळले आणि रेडिओ लावला. एका संध्याकाळचा प्रश्न होता, संपला.

पण पुढच्या आठवड्यात मीटर बघायला माणूस आला, तेव्हा सूनबाईंनी नुसतं "आप्पा" एवढंच म्हटलं. मग चिरंजीवांचं ऑफिसचं काम घरून सुरू झालं आणि त्यांच्या मागे कॅमेऱ्यात फळ्या येत, म्हणून दहा ते सहा. मग शेजारीण कधीही डोकावते म्हणून सहा ते नऊ. आप्पांचा चौकड्यांचा शर्ट डोळ्यांत खुपतो असं ठरलं आणि त्यांना भिंतीच्या रंगाचे दोन शर्ट शिवून देण्यात आले. सल्लागार बाई पाहणीला आल्या, चष्मा वर करून बघत राहिल्या आणि खूश झाल्या. त्यांच्या मते दार हा अडथळा असतो, पण माणूस हा नैसर्गिक घटक आहे. त्यांनी फोटोही काढला. तो त्यांच्या नव्या माहितीपत्रकात आहे. आप्पा कडेला कापले गेले आहेत, ट्रे छान आला आहे.

आप्पा तक्रार कशी करणार? त्यांनी उभं राहायचं, आणि त्याबदल्यात खोली त्यांची, असा हा सरळ व्यवहार होता. तो पहिल्यांदा कुठे उसवला, तर चिरंजीवांच्या एका अत्यंत तर्कशुद्ध वाक्यात.

"आप्पा, तुम्ही दिवसभर इथेच असता. खोली नुसती रिकामी पडलेली असते."

एका दुपारी फळ्यांवरचं सगळं सामान आप्पांच्या खोलीत गेलं. डबे पलंगावर, झाकणं पलंगाखाली, पिशव्यांची पिशवी रेडिओवर. खुर्चीसुद्धा तिकडेच गेली, कारण ती वापरात नव्हती. आप्पा उभ्या उभ्या हे स्थलांतर पाहत होते आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. खोली गेली, ठीक आहे. पण निदान पाठीमागे झाकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"सूनबाई, फळ्या रिकाम्या झाल्या. मी बसू का आता?"

"अहो, रिकाम्या झाल्या म्हणूनच तर," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर चांगला मऊ होता. "कुणी बघितलं तर म्हणेल, यांच्याकडे काहीच नाही."

आप्पांनी ट्रे उचलला. आयुष्यभर त्यांना एकाच गोष्टीचं कुतूहल होतं, की झाकलेलं मागून निघून गेलं तर झाकण्याचं काय होतं. खात्यात हा प्रसंग कधी आलाच नव्हता. तिथे मागचं नेहमी जागेवर असे.

सध्या रविवारी दुपारी आप्पा चष्मेवालीकडे असतात. तिच्या सासूबाई मधल्या फळीला, आप्पा बाकीच्या फळ्यांना. जायला हरकत नाही ना, असं त्यांना रीतसर विचारण्यात आलं होतं. ते हसत होते, म्हणून होकार धरला. सासूबाई आणि ते कधीकधी ओठ न हलवता बोलतात; मुख्यतः गुडघ्यांविषयी.

आणि एवढं वाचून, बिचारे आप्पा, असं म्हणायचं आपल्याला काही कारण नाही. आपणही त्या घरी जाऊन आला आहात. येण्याआधी फोन केला होतात, रीतीप्रमाणे. पाच मिनिटांत पोचतो म्हणालात आणि त्या पाच मिनिटांचा आत काय उपयोग होतो, ते आपल्याला पक्कं ठाऊक होतं, कारण आपल्याकडेही तो तसाच होतो. आपण चहा घेतलात. आप्पा हसले, आपणही हसलात. 'तब्येत छान राखलीय हं' असं म्हणून आपण त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा थोडा प्रयत्नही केलात. मग घरी आलात आणि आपल्याकडे कोण मोकळं असतं, याचा विचार करत बसलात.

आप्पांनी या बाबतीत एक अर्ज केला आहे. कार्यालयीन मराठी ते अजून विसरलेले नाहीत. अर्ज त्यांनी पाठीमागच्या मधल्या फळीवर चिकटवला आहे, आणि समोर स्वतः आप्पाच उभे असल्यामुळे तो अद्याप कुणाच्या वाचनात आलेला नाही. म्हणून इथे देत आहोत.

'प्रति, समस्त पाहुणे मंडळी. विषय: न कळवता येण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, यापुढे कोणाच्याही घरी जाताना पूर्वसूचना देऊ नये, थेट यावे. घरात शिरल्यावर जी व्यक्ती विनाकारण उभी व हसत असल्याचे आढळेल, तिला खुर्ची देण्यात यावी व ती खुर्चीत बसल्यावर मागे जे दिसेल ते दिसू द्यावे. तसेच आपल्या स्वतःच्या घरी कोणी असेच न कळवता आल्यास, बेल वाजताक्षणी, मधल्या वेळेत काहीही न झाकता, आपण दार उघडावे. सदर अर्ज मंजूर होईपर्यंत अर्जदार उभा आहे. कळावे.'