ठवकर काकांची रेड वाईन

आमचे शेजारी ठवकर काका रेड वाईनची पारख बोटांनी करतात. दोन थेंब चिमटीत घेऊन चोळायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "सूत जाड आहे गा." मग पांढऱ्या मांजरपाटाच्या चिंधीवर एक थेंब. तो वाळला की चिंधी नळाखाली धरायची. डाग गेला नाही की काका खूश. "रंग पक्का! माल चांगला आहे."

उभा जन्म गांधीबागेच्या बाजारात ठोक कापड विकण्यात गेला. काका वांगीसुद्धा अशी उलटीपालटी करून बघतात, की भाजीवाला विचारतो, शिवायची आहेत का?

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी रायपूरला. घरात काका एकटेच.

माझी बायको सुधा गेली, तेव्हा मीही स्वयंपाकघरात जाणं सोडलं. चहा आणि टोस्ट, झालं जेवण. काका रोज दारातून विचारायचे, "जेवला का गा?" मी ठोकून द्यायचो, "हो, आत्ताच."

एका शनिवारी ते मला हाताला धरूनच घेऊन गेले. ओट्यावर वाईनची बाटली होती, दुकानातली सगळ्यात स्वस्त. "तुले यातलं समजते. चव पाहून सांग. पण खाली पोटी चव समजत नाही म्हणतात. आधी जेव."

ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा. किती दिवसांनी पोटभर जेवलो! वर घोटभर वाईन घेऊन म्हटलं, "फर्स्ट क्लास." काका हरखले.

मग दर शनिवारी हेच. बाटली मात्र तीच. काका ती लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवत. "मुरून राहिली," म्हणत. वाईन आंबत गेली आणि मी खाल्ल्या भाकरीला जागून "वा!" म्हणत गेलो. आज मी धड जेवतो-खातो, ते या माणसामुळे.

गेल्या शनिवारी मात्र घोट घेताच ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "काका, पार आंबली हो! तुम्हाला चव नाही लागली?"

"मले काय मालूम गा? मी कुठं पितो! वासानंच मळमळते मले."

उरलेली वाईन मोरीत ओतून काका रिकामी बाटली धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आता काहून येशील तू? एकट्यासाठी भाकर थापाले मन नाही होत गा."

मी पाट ओढून बसलो. "वाढा काका, भूक लागली."

आणि ती खरंच लागली होती.