माळावर खाकरणारे नाना

आमचे शेजारी बन्सीनाना स्वतःच्या माळावर पाऊल टाकण्याआधी खाकरतात. तेही साधंसुधं नाही. चपला काढून बांधावर ठेवायच्या, टोपी सारखी करायची आणि चांगलं घसा फाडून खाकरायचं. घरात लेकीसुना असल्या की आमच्याकडची वडीलधारी माणसं ओट्यावरूनच खाकरतात, म्हणजे आतल्या बाया पदर सावरतात. पण माळावर नुसतं गवत, दगड आणि बोरीची झुडपं. तिथं पदर कोण सावरणार?

"तितरीन बसलीय अंड्यावर," नाना म्हणतात. "बाईमाणूस हाय. न सांगता कसं शिरावं?"

डॉक्टरांनी शुगरपायी मला चालायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी मी त्यांच्या मागं असतो. चालणं कमी आणि खाकरणं जास्त. मांजरसुंब्यापासून आमच्या गावापर्यंत पूर्वी असे माळच माळ होते. लोकांनी ते सपाट करून डाळिंब लावलं. चांगला माल परदेशी, दुबईला जातो, डागी आमच्या बाजारात येतो. आता माळ म्हणावा असा नानांचा तेवढा उरला होता.

या डाळिंबांपायी नानांनी दुबईचा धसका घेतला. वीज गेली की, "दुबईनं वढली आसंल." बोअर आटला की, "पानी गेलं की दुबईला, डाळिंबात बसून." माझी चप्पल देवळाबाहेरून चोरीला गेली, तर समजूत घालायला घरी आले. "दुबईला गेली बघा. चांगल्या मालाला तिकडं लई मागणी हाय." चप्पल फाटकी होती. हल्ली मी कुणाशीच वाद घालत नाही. कंटाळा येतो.

यंदा त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन यायला लागला. एरवी सणासुदीला यायचा, आता रोज. माळ पडीक ठेवून काय फायदा, डाळिंब लावू, व्यापारी बागेत येऊन माल उचलतो. फोन ठेवला की नाना माझ्याकडं यायचे.

"काय करावं, मास्तर?"

"नको म्हणा. माळ तुमच्या नावावर आहे."

"म्हनलो आसतो हो. पर न्हाई म्हनलं की फोन बंद पडंल."

नानी गेल्यापासून त्या घरात फोनशिवाय दुसरा आवाज नव्हता. मला वाईट वाटलं, रागही आला, पण तो कुणावर काढावा कळेना. दुबईतल्या माणसानं बिचाऱ्यानं नुसतं डाळिंब मागितलं होतं.

नानांनी हो म्हटलं. फक्त तितराची पिल्लं उडती होईपर्यंत मुदत मागून घेतली.

जेसीबी आला त्या सकाळी ते आधीच बांधावर उभे होते. ड्रायव्हरला म्हणाले, "थांब रं जरा. आत सांगून येतो."

चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि खाकरत खाकरत माळाच्या त्या टोकापर्यंत गेले. मग थोडं बाजूनं परत आले. पुन्हा गेले. ड्रायव्हर आधी हसला, मग त्यानं इंजिन बंद केलं. गवतातून भुर्रकन तितरं उडाली. चंडोल उडाले. एक ससा माझ्या पायाजवळून पळाला. नानांचा घसा बसला तरी त्यांचं चालूच होतं.

शेवटी ते बांधावर येऊन टेकले.

"गेली का समदी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गेली."

"कुठं गेली?"

मला वाटलं, आता दुबई येणार. नाना तळपायातला काटा काढत राहिले.

"त्येंला कुठं मागणी हाय, बाबा," एवढंच म्हणाले.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. ओट्यावर चढताना सवयीनं त्यांचा हात टोपीकडं गेला. मग त्यांनी कुलूप काढलं आणि न खाकरताच आत गेले.