पंपाची हरवलेली प्लेट

सोमवारी छापखान्यात पंपाच्या माहितीपत्रकाची छपाईची प्लेट हरवली. प्लेट म्हणजे काय टाचणी नाही. चांगला दोन हात लांब ॲल्युमिनियमचा पत्रा. जावई ती टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेला, परत आला तर टेबल साफ.

"हरवली?" सासरे मशीनवरूनच ओरडले. "जावईबापू, उद्या मशीन हरवाल आणि म्हणाल, आत्ता इथेच होतं!"

घरी सासरा-जावई, इथे मशीनवाला आणि प्लेटवाला. सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. चाळीस वर्षं एकाच मशीनवर. शुक्रवारी रिटायर होणार होते, आणि मालकाने सांगूनच टाकलं होतं, "उस्ताद ज्याचं नाव घेतील, तो मशीनवर." जावयाला ते मशीन पाहिजे होतं. सहा वर्षं आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि लेझरसमोर बसून त्याचा जीव विटला होता. पण उस्ताद आणि त्याचं नाव घेणार? घरी जेवताना मीठ लागलं तरी ते बायकोला सांगायचे, "त्यांना म्हणावं, डबी सरकवा."

सगळी भांडणं नव्या प्लेटांची. जुन्या प्लेटवर अक्षरं ढळढळीत दिसायची. नवीवर पॉलिमरचा पातळ थर असतो. लेझर लागेल तिथे तो घट्ट बसतो, बाकीचा मशीनवर शाई-पाणी लागलं की निघून जातो. शाईचं बोट लागलं तर तेही छापून येतं. तोपर्यंत बघायला जाल तर काही नाही. तिरकी धरली तर जराशी सावली, तीही डोळे धड असतील तर.

"मामा, आहे हो त्याच्यावर सगळं."

"कुठाय?"

"दिसत नाही, इतकंच."

"भूत पण दिसत नाही. लावू का मशीनवर?"

असं दोन वर्षं चाललं होतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, हे उस्तादांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

पंपाची प्लेट दुसरी काढावी लागली. मग कोऱ्या प्लेटांच्या खोक्यात उरली एकच प्लेट, आणि नवं खोकं येणार पुढच्या आठवड्यात.

"एक बास झाली," मालक म्हणाला. "उस्तादांचं मानपत्र त्याच्यावर काढ. मध्ये मोठा फोटो, आजूबाजूला कौतुक. येईल त्याला एक प्रत. आणि मशीनवाल्याचा निरोप समारंभ आहे, तेव्हा त्याच्याच मशीनवर छापायचं. त्यांना पत्ता लागता कामा नये."

शुक्रवारी दुपारी उस्तादांना शर्ट बदलायला घरी पाठवलं. जावयाने प्लेट काढली, लेझरखाली घातली, मशीनवर चढवली. मशीनला एकट्याने हात लावायची ही पहिलीच वेळ. पहिले वीस कागद फिक्कट आले. एकविसावा उचलून त्याने उजेडात धरला.

फोटो झकास आला होता. मिशा टोकदार, नजर जळजळीत. पण फोटोवर बाण होते.

एक कपाळाकडे: 'वर्षातून एकदा उघडून साफ करावे.' एक नाकाकडे: 'हवा बाहेर पडण्याचा मार्ग.' तोंडाकडे: 'आवाज वाढल्यास मुख्य बटण बंद करावे.' कानाकडे: 'तापल्यास हात लावू नये.' आणि हनुवटीखाली ठळक अक्षरांत: 'आकृती १.'

जावयाने मशीन थांबवलं. हरवलेली पंपाची प्लेट खोक्यातच होती! कोरी समजून कुणीतरी परत आत सरकवली होती, आणि लेझरने पंपाच्या आकृतीवरच सासरे काढले होते. कुणी कशाला, आपणच ठेवली असेल, असं त्याला वाटलं. दोन वर्षं बोलणी खाल्ली की माणसाला स्वतःवरच संशय येतो.

प्लेटवरचं खोडायचं एक पेन होतं. त्याने जपून एक बाण पुसला. बाणाबरोबर अर्धी मिशी गेली. त्याने पेन ठेवून दिलं. खाली कोपऱ्यात एक काळा डाग पण होता, पण आता डागाकडे कोण बघतंय!

"झालं का रे?" दारातून मालक. "माणसं यायला लागली!"

"शेठ, जरा एक घोळ—"

"घोळ नंतर! दीडशे काढ!"

काढले. मालकाने गठ्ठा न बघताच उचलला, कारण त्याचं लक्ष भाषणाच्या कागदात होतं.

पाच वाजता मागच्या हॉलमध्ये मालक बोलत होता आणि प्रती हातोहात फिरत होत्या. मग कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग बाइंडिंगच्या बायका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या. पहिल्या रांगेतून सासूबाई सावकाश, मोठ्याने वाचायला लागल्या.

"'तापल्यास हात लावू नये.' बरोबर आहे. 'आवाज वाढल्यास मुख्य बटण बंद...' अहो, हे बटण कुठे असतं? आधी का नाही सांगितलंत?"

हॉलमध्ये हशा फुटला. मालकाचं तोंड पडलं. उस्ताद उठले, प्रत घेतली, खिशातून भिंग काढलं. चाळीस वर्षांची सवय.

"जावईबापू! पंप सापडला म्हणायचा!"

जावई भिंतीला चिकटला. मशीन गेलं, हे त्याला कळून चुकलं होतं.

"बघा सगळ्यांनी! दोन वर्षं ओरडतोय मी, ही दिसत-नाही प्लेट एक दिवस..." बोलता बोलता भिंग मिशीवरून घसरत खाली कोपऱ्यात गेलं. तिथे थांबलं. फारच वेळ थांबलं.

उस्तादांचा उजवा हात हळूच पँटच्या खिशात गेला.

"वापरलेली प्लेट खोक्यात घातली कुणी?" मालक आता पेटला. "नाव कळू दे! त्याला मी मशीनच्या आसपास उभा करणार नाही!"

"शेठ, ती बहुतेक मी—" जावई पुढे झाला.

"तुम्ही गप्प बसा!" उस्ताद खेकसले. मग घसा साफ केला. "बाण बघा शेठ. उरलेल्यांतला एकही तुटलेला नाही. शाई-पाणी जिथल्या तिथे. हात चांगला आहे. मशीन यांना द्या."

"अहो पण प्लेट?"

"प्लेटचं सोडा हो! चाळीस वर्षांत कधी काही मागितलं का मी?"

मालकाने मान हलवली. टाळ्या पडल्या. जावयाला काही कळेना. त्याने हातातल्या प्रतीचा तो कोपरा डोळ्यांजवळ नेला.

"मामा, जरा भिंग देता?"

"नाही."

तेवढ्यात बाइंडिंगची एक बाई पेन घेऊन आली. "उस्ताद, आठवण म्हणून सही द्या की." उस्तादांचा हात काही खिशातून निघेना.

सासूबाईंनी तिच्या हातातला कागद घेतला, कोपऱ्यातल्या काळ्या डागावर बोट ठेवलं. डागाच्या मधोमध एक तिरकी चीर होती. मशीनमध्ये उस्तादांचं बोट सापडलं तेव्हा महिनाभर पट्टी त्यांनीच बदलली होती.

"सही कशाला मागतेस गं?" त्या म्हणाल्या. "अंगठा उठवलाय की त्यांनी. दीडशेच्या दीडशेवर."