सन्मानासह नापास

सैनिकाचं ऋण फेडता येत नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

गल्लीत सगळे ज्याला फौजी म्हणत, तो निवृत्त होऊन घरी आला आणि त्याच्या डोक्यात पदवीचं खूळ शिरलं. भरती होताना अर्धवट सुटलेलं शिक्षण त्याला काहीही करून पुरं करायचं होतं. बायको म्हणाली, "जा की कॉलेजात. नाहीतरी घरात मलाच कवायत शिकवता."

शोध घेता शहरात सैनिक-स्नेही महाविद्यालयं तीन निघाली. पहिल्याच्या दारात जुना रणगाडा होता (त्याच्या सावलीत प्राचार्यांची गाडी). दुसऱ्यात माजी सैनिकांना चहात सवलत होती, पण ती फक्त युद्धकाळात लागू. तिसऱ्यात मात्र स्वतंत्र सन्मान कक्ष होता, त्याला एक प्रमुख, दोन उपप्रमुख आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक होतं. त्यानुसार इथले एकशे चार टक्के माजी सैनिक समाधानी होते. (वरचे चार टक्के अजून निवृत्त व्हायचे होते.) फौजीने तिसरं निवडलं. कुणाही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरताच प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. सगळा वर्ग उभा राहिला. "साक्षात शौर्य आपल्यात आलंय! या, वर या, दोन शब्द बोला." ते दोन शब्द घंटेपर्यंत पुरले, कारण तास बुडत असेल तर विद्यार्थ्यांची देशभक्ती कमालीची जागृत असते. दुसऱ्या दिवशी दुसरे प्राध्यापक, तोच खडू. सोमवारी शिस्त, मंगळवारी त्याग, बुधवारी बर्फात झोप कशी लागते.

संध्याकाळी बायको विचारायची, "आज काय शिकलात?"

"शिस्तीवर बोललो."

"अहो, ती तर तुम्हाला येतच होती!"

शेवटी वैतागून तो कक्षप्रमुखांकडे गेला. "साहेब, मला नुसतं मागच्या बाकावर बसू द्या. शिकायचंय हो मला."

प्रमुखांचे डोळे भरून आले. "केवढी ही नम्रता!" ते म्हणाले, आणि लगेच 'सैनिक आणि नम्रता' या विषयावर कार्यक्रम ठरला. प्रमुख पाहुणा अर्थातच फौजी.

वर्षअखेर तो नापास झाला. नियमानुसार हजेरी बाकावरची धरतात, आणि तो वर्षभर व्यासपीठावर होता. निकाल एका छोटेखानी समारंभात जाहीर करण्यात आला. सन्मानचिन्ह देताना सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

घरी येऊन त्याने चिन्ह टेबलावर ठेवलं आणि गोळ्यांना न डगमगलेला तो माणूस ढसाढसा रडला. "अगं, वर्षभरात एकानंही मला 'बसा' म्हटलं नाही."

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "आता?"

"आता रणगाडावालं बघतो. रणगाडा निदान भाषण करायला लावत नाही."

वाचकहो, तुम्ही भले लोक. इथवर फौजीची बाजू घेत आलात, काहीजण तर मनातल्या मनात उभेही राहिले असतील. कक्षातर्फे तुमचे आभार. फक्त या माणसाला शिकायचं काय होतं, हे कक्षाने कधी विचारलं नाही. आणि इतका वेळ वाचूनही तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही.